जागा कोणाची, इमला कोणाचा: छोट्या वेबडिझाइन व्यवसायाच्या ऑनलाइन साधनांचे विवेचन

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात एक-दोन माणसांनी चालवलेल्या वेबडिझाइन व्यवसायाकडे काम कोणत्या जातीचे येते, हे आधी पाहिले पाहिजे. लॅम रोडवरचा भाड्याने दिला जाणारा बंगला, एखाद्या समाजाच्या विश्वस्त मंडळाचे जुने सॅनेटोरियम, शिकवणी वर्ग, बेकरी, निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने काढलेली सल्लागार संस्था, परदेशी खरेदीदाराला दाखवायला इंग्रजी पाने हवी असलेला द्राक्ष बागायतदार. पाच-सात पानांची संकेतस्थळे, बेताची रक्कम आणि लांबवर चालणारा संबंध. एकदा उभे केलेले संकेतस्थळ वर्षानुवर्षे तसेच राहते. वर्षातून दोनदा मालकाचा फोन येतो: दर बदला, नवे फोटो टाका, मुलाचा मोबाइल नंबर घाला. पुण्या-मुंबईच्या मोठ्या एजन्सीत महिन्याच्या ठरावीक रकमेवर दहा साधनांची वर्गणी सहज वसूल होते. इथे तीच वर्गणी नफा खाऊन टाकते.

म्हणून 'सर्वोत्तम दहा साधने' छापाच्या याद्यांचा या व्यवसायाला फारसा उपयोग नसतो. त्या याद्या साधनात काय काय सोयी आहेत ते सांगतात. आपला प्रश्न निराळा आहे: साधन बंद पडले, वर्गणी थांबली किंवा डिझायनर स्वतःच गाव सोडून गेला, तर ग्राहकाच्या हातात काय उरते?

कॅन्टोन्मेंट हद्दीत राहणाऱ्याला हा प्रश्न नवा वाटू नये. 'ओल्ड ग्रँट' अटींवरच्या बंगल्याची जमीन सरकारची असते आणि धारकाचा असतो तो फक्त इमला. जनरल लँड रजिस्टरमध्ये काय नोंद आहे ते पाहिल्याशिवाय शहाणा माणूस अशा बंगल्याच्या व्यवहारात पडत नाही. तोच माणूस संकेतस्थळ करून घेताना मात्र रंग आणि फोटो पाहून पैसे देतो. नाव कोणाच्या खात्यावर नोंदले आहे, हे विचारतही नाही. हाच भेद धरून साधनांचे तीन वर्ग पाडता येतात. संकेतस्थळ ज्यावर उभे आहे ती जागा: डोमेन, होस्टिंग, ईमेल. त्यावर बांधलेला इमला: आराखडा, मजकूर, अक्षरे, चित्रे. आणि रोजची वहिवाट: बिले, वसुली, मंजुऱ्या, परवाने. प्रत्येक वर्गातली जोखीम वेगळी आहे, त्यामुळे एकच कसोटी तिथे वेगवेगळे उत्तर देते.

जागा

डोमेन विकत मिळत नाही, ते भाडेपट्ट्याने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. 'डॉट इन' नावांची नोंदणी निक्सी ही संस्था पाहते. २००५ पासून ती सर्वांना खुली झाली आणि २०१४ मध्ये देवनागरीतले 'डॉट भारत' आले. देवनागरी नाव दिसायला देखणे असते, पण ईमेल पत्त्यात आणि जुन्या फॉर्मांत ते अजून अडखळते. मुख्य नाव रोमन ठेवावे आणि देवनागरी नाव त्याकडे वळवावे, एवढाच त्याचा सध्याचा व्यवहारी उपयोग.

खरा घोळ होतो तो खात्याचा. डिझायनर सोय म्हणून सगळ्या ग्राहकांची नावे स्वतःच्या एकाच खात्यात नोंदवतो. पुढे तो नोकरीला दुबईला जातो, ईमेल बदलतो, कार्डाची मुदत संपते. मालकाला हे कळते तेव्हा त्याच्या बंगल्याच्या नावावर भलतीच जाहिरात दिसत असते. 'डॉट कॉम' नावाची मुदत संपली की नोंदणीदार कंपनीच्या धोरणानुसार काही दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर तीस दिवस ते नाव जबर दंड भरून सोडवता येते. शेवटी पाच दिवस ते कोणालाच मिळत नाही आणि मग बाजारात खुले होते. हे टप्पे ग्राहकाला करारातच लिहून द्यावेत. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकले की नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे कोणालाही दिसते. 'हूइज'ची जुनी सक्ती २८ जानेवारी २०२५ला संपली आणि आता ही माहिती 'आरडॅप' पद्धतीने येते. मालकाचे नाव मात्र बहुधा झाकलेले असते. म्हणून निर्णायक कागद एकच: नोंदणी खात्यातला ईमेल. तो ग्राहकाचा असला पाहिजे, डिझायनरचा नव्हे.

इथे भारतीय पेमेंटची एक गोम आहे, जी परदेशी याद्यांत कधीच येत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू झाल्यावर कार्डातून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी नोंदवलेली संमती आणि वसुलीच्या किमान २४ तास आधीची सूचना लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमा पुन्हा ओटीपी न मागता जातात. ज्या परदेशी कंपन्यांनी ही व्यवस्था जोडलेली नाही, त्यांचे 'ऑटो-रिन्यू' बटण चालू दिसते आणि वसुली मात्र गुपचूप फसते. यावरून निवडीचा नियम निघतो: रुपयांत बिल देणारी, यूपीआय किंवा नेटबँकिंग स्वीकारणारी नोंदणी कंपनी घ्यावी आणि जमेल तिथे एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाकावेत. पहिल्या वर्षी ९९ रुपयांत नाव देणाऱ्या कंपनीचा दुसऱ्या वर्षाचा दर वाचल्याशिवाय मोहात पडू नये.

नोंदणी, डीएनएस आणि होस्टिंग या तीन गोष्टी तीन ठिकाणी ठेवणे लांबच्या हिशोबात फायद्याचे असते. एकाच कंपनीकडे सगळे ठेवले की तिथून निघणे जड जाते. डीएनएससाठी क्लाउडफ्लेअरची फुकट योजना छोट्या संकेतस्थळाला पुरून उरते. सुरक्षा प्रमाणपत्रासाठी आता पैसे देण्याचे कारण उरलेले नाही. 'लेट्स एन्क्रिप्ट'ने २०१५च्या अखेरीपासून ती फुकट द्यायला सुरुवात केली, तरी काही होस्टिंग कंपन्या बेकरीवाल्यालाही दरवर्षी हजारो रुपयांचे प्रमाणपत्र विकतात. उलट, प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून मार्च २०२९पासून ४७ दिवसांवर आणायची, असे ब्राउझर आणि प्रमाणपत्र कंपन्यांच्या मंचाने २०२५ मध्ये ठरवले आहे. म्हणजे हाताने नूतनीकरण करण्याचा काळ संपला. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणेही २०२५ मध्ये बंद केले. संकेतस्थळ चालू आहे का आणि प्रमाणपत्र वैध आहे का, हे दर काही मिनिटांनी तपासून मोबाइलवर सूचना देणारे एखादे पहारा-साधन म्हणून आवश्यक ठरते. ग्राहकाने फोन करून 'साइट बंद आहे' असे सांगण्याआधी आपल्याला ते कळलेले असणे, ही देखभालीच्या फीची पहिली पावती होय.

होस्टिंगबद्दल माझे मत थोडे अलोकप्रिय आहे. २००३ मध्ये सुरू झालेले वर्डप्रेस जगातल्या पाचपैकी दोनहून अधिक संकेतस्थळांखाली आहे. ते मुक्त परवान्याचे आहे, सगळा विदा उचलून दुसरीकडे नेता येतो. आपल्या कसोटीवर ते उत्तम उतरते. तरीही वर्षातून दोनदा बदलणाऱ्या सहा पानांसाठी ते घेऊ नये. त्याचा धोका मूळ प्रणालीपेक्षा प्लगइनांत असतो. फोटो सरकवणारे एक, फॉर्मचे एक, व्हॉट्सॲप बटणाचे तिसरे, आणि त्यांतले एक त्याच्या कर्त्याने वाऱ्यावर सोडलेले. अशा कामाला साधी स्थिर पाने, ती ठेवायला नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस, आणि बदलांचा इतिहास ठेवायला गिट. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेले हे साधन बंगल्याच्या दरपत्रकासाठी वापरणे अतिरेकी वाटेल, पण 'मागच्या दिवाळीला दर काय लावला होता' या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिनिटभरात निघते. ग्राहक स्वतः आठवड्याला लेख किंवा सूचना टाकणार असेल, शाळा किंवा विश्वस्त मंडळ असेल, तर मात्र वर्डप्रेसच हवे. आणि मग देखभालीची रक्कमही त्या हिशोबाने हवी.

आता सगळ्यांत जास्त नुकसान करणारी आणि सगळ्यांत कमी लक्ष मिळणारी जागा: चौकशीचा फॉर्म. बंगल्याच्या संकेतस्थळाचे सारे उत्पन्न या चार रकान्यांतून येते. पाहुणा नाव, तारीख, माणसे लिहून बटण दाबतो. पडद्यावर 'धन्यवाद' येते. मालकाला काहीच मिळत नाही. कारण होस्टिंगच्या सर्व्हरने ते पत्र पाहुण्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखे पाठवलेले असते आणि जीमेल त्याला तोतया ठरवून स्पॅममध्ये ढकलते. तपासणी सोपी आहे. स्वतः फॉर्म भरावा, आलेले पत्र जीमेलमध्ये उघडून 'मूळ दाखवा' हा पर्याय घ्यावा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसले पाहिजे. नसेल तर डीएनएसमध्ये तीन नोंदी घालायच्या, पत्र डोमेनच्याच पत्त्यावरून पाठवायचे आणि पाहुण्याचा पत्ता 'उत्तर इथे द्या' या रकान्यात टाकायचा. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्र पाठवणाऱ्यांना या नोंदींची सक्ती केली. चार पत्रे पाठवणाऱ्या छोट्या डोमेनलाही त्यांच्याविना विश्वास मिळत नाही. नव्या ग्राहकाकडे पहिल्या दिवशी हे एकच काम करून दाखवले, तरी पुढचे बोलणे सोपे जाते.

इमला

आराखड्याच्या साधनांवर जितकी चर्चा होते तितके त्यांचे या व्यवसायात महत्त्व नाही. फिग्मा उत्तम आहे. ते विकत घेण्याचा ॲडोबीचा २० अब्ज डॉलरचा सौदा २०२२ मध्ये जाहीर झाला आणि नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये मोडला. त्या सव्वा वर्षात अनेकांनी मुक्त परवान्याचे पेनपॉट करून पाहिले. पण छोट्या कामात आराखड्याची फाइल हा केवळ मधला टप्पा. शेवटी हाती राहतात ती एचटीएमएल पाने, आणि ती कुठल्याही साधनाच्या मालकीची नसतात. फिग्माची फुकट योजना वापरावी, अंतिम चित्रे एसव्हीजी स्वरूपात ग्राहकाच्या फोल्डरमध्ये ठेवावीत, विषय संपला. कॅन्व्हा ग्राहकाच्या हाती द्यावे, म्हणजे सणावाराच्या शुभेच्छांची चित्रे करायला तो आपल्याला फोन करणार नाही.

अक्षरांवर मात्र थांबले पाहिजे, कारण मराठी संकेतस्थळाचे भले-बुरे तिथे ठरते. ग्राहक जो जुना मजकूर देतो तो बहुधा छापखान्यात श्रीलिपी किंवा शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टात जुळवलेला असतो. ती फाइल उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण तिथे अक्षराचा संकेत साठवलेला नसून फॉन्टातल्या चित्राची जागा साठवलेली असते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, पहिल्या आवृत्तीतच आहे, पण छपाईचा धंदा त्यानंतर कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालला. रूपांतर करणारी साधने ऑनलाइन मिळतात आणि ती बरेचसे काम बरोबर करतात. चुकतात ती ठरलेल्या जागी: रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य'. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर टेकडीवरच्या बंगल्यातून एकदम समुद्र दिसू लागतो. रूपांतरानंतर या तीन जागा शोधून वाचणे, हे माणसाचेच काम.

फॉन्ट निवडताना गूगल फॉन्ट्सवरचा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा बालू, टायरो टाइपवर्क्सचा टायरो देवनागरी मराठी, नोटो सेरिफ देवनागरी असे सकस पर्याय फुकट आहेत. बातमीवजा मजकुराला मुक्त, लांब वाचनाला टायरो. पण फॉन्ट बरोबर असूनही पान 'हिंदी' दिसू शकते. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी छापील वळणाहून वेगळा आहे, आणि चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे साठवलेली असतात. कोणते दाखवायचे हे ब्राउझर ठरवतो तो पानाच्या अगदी सुरुवातीला दिलेल्या भाषेच्या संकेतावरून. तिथे आयत्या साच्यातला 'ईएन' तसाच राहिला तर मराठी वळण येत नाही. त्याच्या जागी 'एमआर' लिहिले की त्याच फॉन्टातले 'ल' आणि 'श' बदलतात. दोन अक्षरांचा हा बदल दृष्टिहीनांच्या वाचक-यंत्रालाही मराठी उच्चार निवडायला सांगतो. 'संपूर्ण मराठी वेबसाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पानांत हा साधा संकेत नसतो.

वेगाचे मोजमाप करायला गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स पुरेसे आहे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, दाबलेल्या बटणाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान भरताना मजकूर उड्या मारू नये, असे त्याचे तीन निकष. शंभरपैकी किती गुण मिळाले याचे चित्र पाठवून ग्राहकाला खूश करण्याची पद्धत पडली आहे, ती फसवी आहे. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. खऱ्या वापरकर्त्यांचा विदा वरच्या भागात येतो आणि आपल्यासारख्या कमी गर्दीच्या संकेतस्थळांचा तो भाग बहुधा रिकामाच असतो. त्यापेक्षा स्वस्तातला मोबाइल घ्यावा, वायफाय बंद करावे आणि पान उघडून पाहावे.

मंद पानाचे कारण दहात नऊ वेळा फोटो. मालक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. ते आकसून, धूसर होऊन येतात. म्हणून 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असे सांगावे लागते. मग येतात कॅमेऱ्यातले सहा-सात एमबीचे मूळ फोटो, आणि नवखा डिझायनर तेच चढवतो. स्क्वूश हे गूगलने काढलेले साधन ब्राउझरमध्येच चालते. चित्राची रुंदी १६०० पिक्सेलवर आणून वेबपी स्वरूपात साठवले की तोच फोटो दोन-तीनशे केबीत बसतो आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही.

इथे देवळालीपुरती एक ताकीद. बंगल्याचे ड्रोनने घेतलेले दृश्य आता प्रत्येकाला हवे असते. भोवती तोफखाना शाळा आहे, गोळीबाराची मैदाने आहेत, नाशिकरोडच्या गांधीनगरला भूदलाच्या हवाई शाखेचे प्रशिक्षण केंद्र आहे. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले आणि डिजिटल स्काय या सरकारी व्यासपीठावर लाल, पिवळ्या, हिरव्या क्षेत्रांचा नकाशा आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. तो नकाशा न पाहता छायाचित्रकाराला बोलावणारा डिझायनर ग्राहकालाही अडचणीत आणतो. गच्चीवर तिपाई लावून घेतलेल्या फोटोवर भागते.

वहिवाट

रोजच्या कारभाराची साधने जितकी कमी तितकी बरी. दोन माणसांच्या व्यवसायाला ट्रेलोचे फलक लागत नाहीत. सामायिक तक्ता पुरतो. ग्राहक व्हॉट्सॲपवरच बोलणार, त्याला दुसरीकडे नेण्याचा हट्ट धरू नये. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गप्पांना लेबले लावता येतात, ती लावावीत. पण मंजुरी तिथे ठेवू नये. 'हिरवा चालेल' हा ध्वनिसंदेश तीन महिन्यांनी सापडत नाही. ठरलेले मुद्दे त्याच संध्याकाळी चार ओळींच्या ईमेलने पाठवावेत. वाद झाला तर तीच नोंद.

बिलांसाठी झोहो इनव्हॉइस फुकट आहे, रुपयांत आणि जीएसटीच्या नमुन्यात बिल देते. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या सेवा-व्यावसायिकाला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सुरतचा ग्राहक मिळाला म्हणून लगेच नोंदणी लागते, हा समजही चुकीचा. सेवांना आंतरराज्य व्यवहारातही ही मर्यादा लागू आहे. नोंदणी घेतली की १८ टक्के कर लावावा लागतो. बंगल्याच्या मालकाला त्याची वजावट बहुधा मिळत नसल्याने त्याच्यापुरते काम सरळ १८ टक्क्यांनी महागते, म्हणून हौसेने नोंदणी घेऊ नये. नोंदणी असेल तर परदेशी साधनांच्या खात्यात जीएसटी क्रमांक लगेच भरावा. न भरल्यास ती कंपनी सामान्य ग्राहक समजून कर लावते आणि त्याची वजावट मिळत नाही; भरल्यास रिव्हर्स चार्जने कर आपण भरायचा आणि वजावट घ्यायची.

वसुलीला यूपीआयसारखे साधन नाही. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत व्यापाऱ्याकडून टक्केवारी कापली जात नाही, तर पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर कर घेतात. ग्राहक गावातला असेल तर गेटवेची गरजच नाही. क्यूआर बिलावर छापावा. खरा उपयोगी भाग यूपीआय ऑटोपे. वार्षिक देखभालीची रक्कम मागायला जाणे दोघांनाही नकोसे असते. ग्राहकाने एकदा संमती दिली की १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ठरल्या तारखेला पिन न विचारता येते.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी पाने सरकारी नसतात. तिचा फायदा थकबाकीत कळतो. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे हत्यार चालते. शेजारच्या बेकरीवाल्याविरुद्ध ते उपसणारा माणूस पुढच्या महिन्यात पाव कुठून आणणार? तिथे निम्मे पैसे आगाऊ हाच उपाय. कॅन्टोन्मेंट हद्दीत बाहेर पाटी लावून कार्यालय थाटायचे असेल तर व्यवसाय परवान्याचा अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-छावणी पोर्टलवरून करता येतो.

पासवर्डांसाठी बिटवॉर्डन घ्यावे. ते मुक्त स्रोताचे आहे आणि फुकट योजनेत अडवणूक नाही. ग्राहकाचे पासवर्ड वहीत किंवा व्हॉट्सॲपवर ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली फाटकावर टांगणे. जिथे शक्य आहे तिथे पासवर्ड मागूच नये; ग्राहकाने आपल्याला व्यवस्थापक म्हणून जोडावे आणि काम संपल्यावर काढावे. प्रतींबद्दल एक घटना सांगितली तरी पुरे. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे एक विदा केंद्र जळून खाक झाले. कंपनीच्या शेजारच्या इमारतीत किंवा त्याच केंद्रात प्रती ठेवलेल्यांची संकेतस्थळे प्रतींसकट गेली. म्हणून होस्टिंग कंपनीच्या 'डेली बॅकअप'ला प्रत मानू नये. महिन्यातून एकदा संपूर्ण प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठ्यावर, एक ग्राहकाच्या ड्राइव्हवर. आणि वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उभी करून पाहावी.

फुकट साधनांवर भिस्त ठेवताना त्यांचे आयुर्मान लक्षात ठेवावे. जिओसिटीज २००९ मध्ये गेले, ऑर्कुट २०१४ मध्ये. हेरोकूची फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली, गूगल डोमेन्स २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेसला विकले गेले. गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ला थांबली आणि नंतर तिच्यातला साठलेला विदाही पुसला गेला. यावर उपाय फुकट साधने टाळणे हा नाही; महिन्याचे आकडे तक्त्यात उतरवून ठेवणे हा आहे. छोट्या संकेतस्थळाला ॲनालिटिक्सपेक्षा सर्च कन्सोल उपयोगी पडते. लोक काय शोधून आले, 'देवळाली बंगला भाड्याने' की 'नाशिकजवळ विश्रांतीची जागा', हे तेच सांगते, आणि तेही फक्त मागच्या १६ महिन्यांपुरते. पाहुण्याच्या हालचालींचा माग ठेवणारी साधने लावण्याची गरज नाही. २०२३चा व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आल्यावर कमी माहिती गोळा करणे हेच सोयीचे.

पैसे मोजायचेच असतील तर क्रम असा: आधी डोमेन, मग ग्राहकाच्या नावाचा ईमेल, मग प्रती ठेवण्याची जागा. आराखड्याची, कामे वाटण्याची आणि मजकूर लिहून देणारी एआय साधने त्यानंतर. एआय इंग्रजी पानांचा पहिला खर्डा बरा देते. मराठीत ते 'आमच्या आलिशान निवासस्थानात आपले हार्दिक स्वागत' अशा वाक्यांपलीकडे सहसा जात नाही, आणि लॅम रोडवर कधी न आलेल्या माणसाने लिहिल्यासारखे वाचते.

राहिला सगळ्यांत प्रभावी आणि आपल्याच धंद्याच्या मुळावर येणारा प्रकार: गूगल बिझनेस प्रोफाइल. बेकरी, शिंप्याचे दुकान, दवाखाना यांना नकाशावरची जागा, वेळ, फोन, फोटो आणि अभिप्राय एवढेच लागते. ते तिथे फुकट मिळते. त्यातून फुकट संकेतस्थळ बनवण्याची जी सोय होती ती गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा अनेक डिझायनरांनी हे ग्राहक संकेतस्थळाकडे वळवले. बेकरीला ते लागत नाही, आणि तसे स्पष्ट सांगावे. भाड्याच्या बंगल्याची गोष्ट उलट आहे. सुट्टीसाठी भाड्याने दिलेली घरे प्रोफाइलला पात्र नाहीत, असे गूगलच्या नियमांतच लिहिले आहे; अशी प्रोफाइले दिसतात खरी, पण तक्रार आली की ती काढली जाऊ शकतात, अभिप्रायांसकट. नाशिकच्या २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात खोल्या देऊ पाहणाऱ्या बंगलामालकाला म्हणून स्वतःचे डोमेन, चार पाने आणि चालणारा फॉर्म घ्यायला सांगावे, आणि ते काम त्या वर्षाच्या पावसाळ्याआधी पुरे करून द्यावे. बेकरीवाल्याचे प्रोफाइल त्याच्याच जीमेलवर, तोच मालक आणि आपण केवळ व्यवस्थापक, अशा रीतीने एका दुपारी लावून द्यावे आणि त्या दुपारचेच पैसे घ्यावेत.